एका संदेशापासून दोन रात्रींच्या ताटातुटीपर्यंत : आयर्लंडमधील रोमानियन रोमा कुटुंब आणि माध्यमे

ऑक्टोबर २०१३ मध्ये डब्लिन शहराच्या टाला या उपनगरात राहणाऱ्या एका रोमानियन रोमा कुटुंबातील सात वर्षांची मुलगी पोलिसांनी घरातून नेली. तिचे केस सोनेरी व डोळे निळे होते आणि तिचे आईवडील तसे नव्हते, हे संशयाचे मूळ होते. दोन दिवसांनी डीएनए चाचणीतून ती त्यांचीच मुलगी असल्याचे सिद्ध झाले आणि ती घरी परतली. या घटनेची पुढे अधिकृत चौकशी झाली. त्यामुळे कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे निर्णय घेतला हे बऱ्याच तपशिलाने सांगता येते. या प्रकरणात माध्यमे बाहेर उभी राहून पाहणारी नव्हती. सुरुवात त्यांच्याच हातून झाली होती. म्हणूनच ते अभ्यासण्यासारखे आहे. कुटुंबाचे, पत्रकाराचे आणि वाहिनीचे नाव येथे दिलेले नाही.

पार्श्वभूमी

रोमानिया आणि बल्गेरिया हे देश १ जानेवारी २००७ रोजी युरोपीय संघात सामील झाले, पण अनेक जुन्या सदस्य देशांनी त्यांच्या नागरिकांना नोकरीचा पूर्ण हक्क लगेच दिला नाही. आयर्लंडने ही बंधने जुलै २०१२ मध्ये उठवली, तर ब्रिटनमध्ये ती १ जानेवारी २०१४ रोजी संपणार होती. त्यामुळे २०१३ हे संपूर्ण वर्ष ब्रिटिश वृत्तपत्रांत 'रोमानियन येत आहेत' या एकाच सुराने भरलेले होते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील मायग्रेशन ऑब्झर्व्हेटरीने डिसेंबर २०१२ ते डिसेंबर २०१३ या काळातील ब्रिटिश राष्ट्रीय वृत्तपत्रांमधील चार हजारांहून अधिक लेख, पत्रे व टिपणे तपासली. टॅब्लॉइड वृत्तपत्रांत 'रोमानियन' हा शब्द एकटा येई तेव्हा त्याच्या आसपास टोळी, गुन्हेगार, भिकारी, चोर असे शब्द वारंवार दिसत होते. रोमानियन व बल्गेरियन यांचा एकत्र उल्लेख असे तेव्हा मात्र चर्चा अधिक करून स्थलांतराच्या आकड्यांची असे. यांपैकी कित्येक वृत्तपत्रांच्या आयरिश आवृत्त्या डब्लिनच्या दुकानांतही विकल्या जातात, त्यामुळे हा सूर ब्रिटनपुरता मर्यादित राहिला नाही.

येथे मराठी वाचकासाठी एक खुलासा आवश्यक आहे. रोमानियन म्हणजे रोमानिया देशाचा नागरिक, आणि रोमा हा युरोपभर विखुरलेला, मूळ भारतीय उपखंडातून गेलेला समाज. रोमा लोकांच्या रोमानी भाषेत आजही पानी, कान, मानुष यांसारखे शब्द आहेत, आणि त्या भाषेचा रोमानियनशी असलेला संबंध केवळ शेजाराचा आहे. रोमानियात २०११ च्या जनगणनेत सुमारे ६ लाख २१ हजार लोकांनी स्वतःची नोंद रोमा म्हणून केली. प्रत्यक्ष संख्या याहून बरीच मोठी असल्याचे मानले जाते, कारण अनेक जण ही ओळख कागदावर आणणे टाळतात. त्यामागे इतिहास आहे : आजच्या रोमानियाचा मोठा भाग असलेल्या मोल्दाविया आणि वालाकिया या प्रांतांत रोमा लोक शतकानुशतके गुलाम होते, आणि ही गुलामगिरी १८५५-५६ मध्ये कायद्याने संपली.

परदेशी वृत्तपत्रे या दोन ओळखी एकमेकींत मिसळतात, आणि त्यामुळे दोन्ही गटांचे नुकसान होते. बहुसंख्य रोमानियन लोकांना रोमांविषयीच्या पूर्वग्रहाचा वाटा मिळतो, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून रोमानियातील काही माध्यमे 'ते आम्ही नव्हे' असे सांगण्यासाठी रोमांना अधिकच दूर ढकलतात. २००९ मध्ये 'झुर्नालुल नात्सिओनाल' या दैनिकाने 'रोमा' हा शब्द सोडून, ज्याला अपमानास्पद छटा आहे, तो 'त्सिगान' हा जुना शब्द अधिकृतपणे वापरावा अशी मोहीम चालवली. तशा आशयाचा प्रस्ताव पुढे संसदेतही मांडला गेला आणि २०११ मध्ये सिनेटने तो फेटाळला. म्हणजे टाला येथील कुटुंबाच्या वतीने बोलणारा आवाज ना त्यांच्या नव्या देशाच्या वृत्तपत्रांत होता, ना जुन्या देशाच्या.

आयर्लंडची स्वतःची पार्श्वभूमीही ध्यानात घ्यावी लागते, नाहीतर पत्रकार व पोलीस यांच्यावर अन्याय होईल. मे २००९ मध्ये तेथे रायन अहवाल प्रसिद्ध झाला. धार्मिक संस्थांनी चालवलेल्या शाळा व आश्रमांतून मुलांवर अनेक दशके अत्याचार झाले आणि शासनाने त्यांकडे पाठ फिरवली, हे त्यात नोंदवलेले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुलांच्या हक्कांसाठी घटनादुरुस्तीचे सार्वमत झाले. 'मुलाविषयी कोणी काही कळवले आणि आपण गप्प बसलो' ही त्या समाजातील सर्वांत मोठी लाज होती, आणि पुढील घटनांतील घाई काही अंशी या लाजेतून आलेली आहे असे माझे मत आहे.

आता ठिणगी. १६ ऑक्टोबर २०१३ रोजी ग्रीसमधील फार्साला गावाजवळच्या रोमा वस्तीत पोलिसांना सुमारे चार वर्षांची सोनेरी केसांची मुलगी आढळली. ज्या जोडप्याकडे ती होती त्यांच्याशी तिचा डीएनए जुळला नाही. तिचे छायाचित्र जगभर गेले, मथळ्यांनी तिला 'सोनेरी देवदूत' म्हटले आणि ती पळवून आणलेली असणार असे बहुतेकांनी गृहीत धरले. 'मुले पळवणारे' हा रोमांवरचा आरोप युरोपात फार जुना आहे. मे २००८ मध्ये इटलीतील नेपल्सच्या पोंतिचेल्ली भागात एका रोमा मुलीवर तान्हे मूल पळवण्याच्या प्रयत्नाचा आरोप झाला आणि त्यानंतर जमावाने रोमांच्या झोपड्या जाळल्या. फार्सालाच्या बातमीने हा जुना आरोप एका निरागस चेहऱ्यासह पुन्हा घराघरांत नेला.

समस्या कशी उभी राहिली

एका आयरिश वाहिनीच्या पत्रकाराला फेसबुकवर एका व्यक्तीचा संदेश आला. ग्रीसच्या बातमीचा संदर्भ देऊन त्या व्यक्तीने कळवले होते की टाला येथील एका रोमा घरातही सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची मुलगी आहे. तिला मारहाण झाली, ती रडताना दिसली, तिने कोणाकडे मदत मागितली, असे काहीही या संशयामागे नव्हते. होता तो फक्त रंग आणि समाज. पत्रकाराने हा संदेश ईमेलने पोलिसांकडे, म्हणजे आयर्लंडमध्ये ज्यांना गार्डा म्हणतात त्यांच्याकडे पाठवला.

सोमवारी, २१ ऑक्टोबर रोजी गार्डा त्या घरी गेले. आईवडिलांनी मुलगी आपलीच असल्याचे सांगितले, ती डब्लिनमधील एका प्रसूती रुग्णालयात जन्मल्याचे सांगितले आणि कागदपत्रेही दाखवली. पारपत्रावरील छायाचित्र ती अगदी लहान असतानाचे असल्यामुळे त्यावरून ओळख पटेना, आणि रुग्णालयाकडे विचारणा केली तेव्हा सुरुवातीला त्या तपशिलाला दुजोरा मिळाला नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या नावांची अक्षरे एका कार्यालयात एक आणि दुसऱ्यात दुसरी लागतात, आडनाव व नाव यांची अदलाबदल होते, तारखा चुकतात. ही बाब प्रशासनात काम करणाऱ्या कोणालाही नवी नाही. पण फार्सालाची बातमी मनात ठेवून पाहिल्यावर नोंदीतील प्रत्येक तफावत पुराव्यासारखी दिसू लागली.

पुढ्यात असलेले पर्याय

पहिला निर्णयबिंदू पत्रकाराचा होता. त्याच्यासमोर निदान चार वाटा होत्या. संदेश बाजूला ठेवता आला असता. पण मुलाच्या सुरक्षेचा प्रश्न असताना, विशेषतः रायन अहवालानंतरच्या आयर्लंडमध्ये, ही वाट कोणत्याही जबाबदार माणसाला अवघड वाटली असती, आणि तसे वाटणे योग्यच होते. तो जसाच्या तसा पोलिसांकडे पाठवणे ही दुसरी वाट. तीच निवडली गेली. तिसरी वाट पाठवण्याआधी संदेश पाठवणाऱ्याला विचारण्याची होती : तुम्ही स्वतः काय पाहिले, केव्हा पाहिले, केसांखेरीज शंकेला आणखी कोणते कारण आहे? चौथी वाट बालसंरक्षण सेवेशी किंवा डब्लिनमध्ये ट्रॅव्हलर (आयर्लंडमधील पारंपरिक भटका समाज) व रोमा समाजांसाठी काम करणाऱ्या पॅव्ही पॉइंटसारख्या संस्थेशी बोलून, मग ठरवण्याची होती. तिसऱ्या वाटेला दहा मिनिटे लागली असती, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. संदेशात रंगाशिवाय काहीच नाही हे त्या दहा मिनिटांत उघड झाले असते. त्यानंतरही तो पोलिसांकडे पाठवता आला असता, पण 'माहिती ऐकीव आहे, कारण केवळ केसांचा रंग आहे' अशी स्पष्ट टीप जोडून. पत्रकाराच्या हातून आलेल्या कागदाला अनोळखी माणसाच्या शंकेपेक्षा अधिक वजन येते, म्हणून ते वजन किती खरे आहे हे सांगण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

दुसरा निर्णयबिंदू गार्डांचा होता. १९९१ च्या बालसंगोपन कायद्याच्या कलम १२ नुसार, मुलाच्या आरोग्याला किंवा हिताला तातडीचा व गंभीर धोका असल्याचे मानण्यास वाजवी कारण असेल आणि न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहणे पुरेसे ठरणार नसेल, तर गार्डा आदेशाशिवाय मूल हलवू शकतात. प्रश्न 'तातडीचा' या शब्दाचा होता. मुलगी सात वर्षांची होती. या वयाच्या मुलीची शाळा असते, शिक्षक असतात, डॉक्टर असतो, शेजारी असतात. ओळख पटवण्याचे हे सर्व मार्ग मुलगी घरातच राहून तपासता आले असते, आणि डीएनएचा नमुनाही घरी घेता आला असता. कुटुंब पळून जाईल ही भीती मांडली जाऊ शकते, पण त्या भीतीला आधार काय होता, हा प्रश्न कुटुंब रोमा नसते तर नक्कीच विचारला गेला असता.

तिसरा निर्णयबिंदू वृत्तकक्षांचा होता, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. मुलीला नेल्याची बातमी बाहेर पडली तेव्हा तिचे आईवडील कोण हे ठरलेले नव्हते आणि न्यायालयाची सुनावणी बंद दाराआड होणार होती. संपादकांना थांबता आले असते किंवा मोजके छापता आले असते. किंवा ही बातमी फार्सालाच्या बातमीशेजारी ठेवून दोन्हींचा एक अर्थ लावता आला असता. बहुतेकांनी शेवटचे केले. आयर्लंडच्या प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत पूर्वग्रह आणि मुले या दोन्हींविषयी स्वतंत्र तत्त्वे आहेत. नियम नव्हते म्हणून हे घडले असे म्हणता येणार नाही.

प्रत्यक्षात काय केले गेले

गार्डांनी कलम १२ वापरून मुलगी ताब्यात घेतली आणि आरोग्य सेवेच्या हवाली केली. दुसऱ्या दिवशी न्यायालयाकडून तिला तात्पुरते शासनाच्या देखरेखीत ठेवण्याचा आदेश मिळाला. २२ ऑक्टोबरला ही बातमी आयर्लंडबाहेरही पोहोचली, घराबाहेर कॅमेरे उभे राहिले, आणि आपली मुलगी कुठे आहे हे ज्यांना ठाऊक नव्हते त्या आईवडिलांच्या दारात प्रश्न विचारणारे अनोळखी लोक जमले. मथळ्यांतील 'सोनेरी' हे विशेषण प्रत्येक वेळी एकच गोष्ट सुचवत राहिले : ही मुलगी या घरातली असूच शकत नाही.

युरोपात शेकडो वर्षे राहिलेल्या कोणत्याही समाजात फिकट केसांची मुले जन्मू शकतात, कारण हा गुण पिढ्यानपिढ्या सुप्त राहून पुन्हा प्रकट होतो. ही गोष्ट शालेय जीवशास्त्राच्या पातळीची आहे. कोकणात निळ्या-घाऱ्या डोळ्यांचे मूल सावळ्या आईच्या कडेवर पाहून कोणी पोलिसांना बोलावत नाही. येथे मात्र एकाही मोठ्या वृत्तकक्षाने हे साधे वाक्य पहिल्या दिवशी पुढे आणलेले दिसत नाही, आणि मला ही सर्वांत दुःखद बाब वाटते.

बातमीचा परिणाम तेथेच थांबला नाही. २२ ऑक्टोबरलाच आयर्लंडच्या मध्यभागी असलेल्या अ‍ॅथलोन शहरात दोन वर्षांचा एक रोमा मुलगा, त्याचेही केस सोनेरी म्हणून, घरातून नेण्यात आला. त्याला एक रात्र आईवडिलांपासून दूर काढावी लागली आणि दुसऱ्या दिवशी तो परत आला.

निष्पत्ती

२३ ऑक्टोबरला टाला येथील मुलीचा डीएनए आईवडिलांशी जुळला आणि ती त्या संध्याकाळी घरी गेली. २५ ऑक्टोबरला फार्सालाच्या मुलीचे जन्मदाते बल्गेरियात असल्याचे डीएनएने सिद्ध झाले. तेही रोमाच होते, म्हणजे 'गोरे मूल रोमांनी पळवले' ही मूळ कथाच कोसळली.

शासनाने बाल लोकपाल एमिली लोगन यांना २००५ च्या गार्डा कायद्याखाली विशेष चौकशीचे अधिकार दिले. जुलै २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने अ‍ॅथलोनच्या प्रकरणात वांशिक ओळखीवरून संशय घेतला गेल्याचे स्पष्ट म्हटले. टालाच्या प्रकरणात त्यांचा निष्कर्ष अधिक सूक्ष्म होता : मुलगी पळवलेली असेल यावर विश्वास ठेवण्याची तयारी उपलब्ध पुराव्याच्या पुढे गेली, आणि ती तयारी कुटुंब रोमा असण्याशी वेगळी न करता येण्याइतकी जोडलेली होती. न्यायमंत्री फ्रान्सेस फिट्झजेराल्ड यांनी दोन्ही कुटुंबांची माफी मागितली. कलम १२ च्या वापराचे व्यापक परीक्षण पुढे झाले आणि ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पोलिसांच्या वर्तनाची अशी तपासणी झाली, तशी वृत्तकक्षांची झाली नाही. चौकशीच्या कक्षेत ते नव्हतेच.

ब्रिटनमधील भाकितांचे काय झाले हेही नोंदवायला हवे. मे २०१४ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने जाहीर केले की वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत तेथे काम करणाऱ्या रोमानियन व बल्गेरियन लोकांची संख्या सुमारे १ लाख ४० हजार होती आणि आधीच्या तिमाहीपेक्षा ती किंचित कमीच होती. तरीही ही संख्या पुढे वाढत गेली आणि २०१७ पर्यंत ब्रिटनमध्ये सुमारे ४ लाख ११ हजार रोमानियन नागरिक होते. स्थलांतर मोठे असेल हे म्हणणे चुकीचे नव्हते. येणाऱ्या माणसांचे जे चित्र आधीच काढून ठेवले होते ते चुकीचे होते, आणि बांधकामांवर, शेतांत, रुग्णालयांत कामाला लागलेल्या लाखो लोकांनी त्या चित्राखाली दिवस काढले.

वेगळे काय करता आले असते

माझ्या मते चूक संशय घेण्यात नव्हती. ती संशय पुढे सरकवण्याच्या रीतीत होती. संदेश पाठवणाऱ्याला वाटले की पत्रकार तपासेल, पत्रकाराला वाटले की पोलीस तपासतील, पोलिसांना वाटले की आधी मूल हलवू आणि मग तपासू, आणि संपादकांना वाटले की पोलिसांनी मूल हलवले म्हणजे काहीतरी असणार. प्रत्येकाने आधीच्याच्या कृतीला पुरावा मानले, आणि साखळीच्या पहिल्या कडीत केसांच्या रंगाखेरीज काहीच नव्हते हे कोणी मागे वळून पाहिले नाही. म्हणून अशा बातमीवर काम करणाऱ्या प्रत्येक वृत्तकक्षाने छापण्याआधी मूळ संशय कोणत्या निरीक्षणावर उभा आहे ते एका वाक्यात लिहून काढावे, आणि त्या वाक्यात समाजाचे नाव काढून टाकल्यावर काही उरते का ते पाहावे. टालाच्या बाबतीत काहीही उरले नसते.

महाराष्ट्रातील पत्रकारांना ही साखळी परकी वाटू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. तेथे संदेश मोबाईलवरून फिरत होते, आणि शासनाची चूक मूल उचलण्याची नव्हती, ते जमाव थांबवायला कमी पडले. हा फरक मोठा आहे. पण भटक्या माणसाला मूल पळवण्याच्या गोष्टीत बसवणे दोन्हीकडे सारखेच सोपे गेले.

मजकुराच्या पातळीवरही काही गोष्टी सुचतात. 'रोमानियन' आणि 'रोमा' हे शब्द एकमेकांऐवजी वापरू नयेत, आणि समाजाचा उल्लेख घटनेशी कारणाने जोडलेला असेल तेव्हाच करावा. पहिल्याच बातमीत कुटुंबाचे म्हणणे दुभाष्यामार्फत घेतलेले असावे. बंद दाराआडच्या सुनावणीमुळे कुटुंबाला उघड बोलता येत नसेल तर ते बोलू शकत नाहीत, हेच तेथे सांगावे, नाहीतर त्यांचे मौन वाचकाला कबुलीसारखे दिसते. आणि संशयाची बातमी ज्या पानावर, जेवढ्या जागेत आली, तेवढ्याच जागेत ती चुकीची ठरल्याची बातमी यावी.

शेवटचा निर्णयबिंदू २५ ऑक्टोबरनंतरचा होता, आणि त्यावर कोणी फारसे बोलत नाही. फार्सालाच्या मुलीची आई बल्गेरियातील निकोलाएवो गावच्या एका दरिद्री वस्तीत सापडली. शेतमजुरीसाठी ती ग्रीसला गेली होती, तेथे हे मूल झाले आणि त्याला पोसण्याची ऐपत नसल्याने तिने ते मागे ठेवले, असे तिने सांगितले. जन्माची नोंद नसलेली मुले, हंगामी मजुरीसाठी सीमा ओलांडणाऱ्या स्त्रिया, बाळंतपणात कोणताही आधार नसणे, या सर्व गोष्टी बल्गेरिया आणि रोमानियातील हजारो गरीब रोमा कुटुंबांच्या रोजच्या जगण्यात आहेत. पळवलेल्या मुलीची कथा संपल्यावर खरी बातमी या वस्तीत सुरू होत होती. कॅमेरे तेथे काही दिवस आले, चिखलातल्या घराची छायाचित्रे घेतली गेली, आणि मग ते निघून गेले.